आतला कापूस

अब्बा, तुम्हाला मातीत ठेवत होते तेव्हा मी कल्याणच्या एसटी स्टँडवर मंचरची गाडी कधी लागते ते तिसऱ्यांदा विचारत होते. खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "बाई, आत्ताच सांगितलं ना?" मी म्हटलं, "परत सांगा." तुम्ही असता तर म्हणाला असता, हिच्या भीतीचा कापूस पिंजला तर सगळ्या मंचरच्या गाद्या भरतील.

वेळेवर पोचले असते तरी काय, कबरस्तानापर्यंत आपल्यात बायका जात नाहीत. उंबऱ्यापासूनच निरोप द्यायचा. माळशेजचा घाट चढेपर्यंत मी मनाला हेच सांगत राहिले. ओतूर आलं, माझं माहेर, तिथे उतरलेसुद्धा नाही. आणि मंचरला घरात पाऊल टाकलं तर ओसरीवर कापूस पिंजायची तुमची धनुकली खुंटीला टांगलेली, तिची तात सैल सोडलेली. काम संपल्यावर तात सैल सोडायची, नाहीतर तुटते, हे तुम्हीच शिकवलं होतं. शेवटच्या दुखण्यातही तेवढं विसरला नाहीत. मला तिथेच जरा बरं वाटलं.

आता मी परत वापीला आले आहे. रफीक ड्यूटीवर गेलाय. तुमचा मुलगा कारखान्यात फोमच्या गाद्या कापतो आणि त्याचा बाप पिंजारी होता, हे इथे कुणाला सांगितलं तर पिंजारी म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं. म्हणून मी सांगत नाही, लिहिते. सातवीपर्यंतच शाळा झाली माझी, चुका असतील. तुम्हाला चालायच्या. तुम्हाला माझी सातवी म्हणजे मोठीच गोष्ट वाटायची. लग्न ठरवताना मशिदीच्या दारात चारचौघांना सांगितलंत म्हणे, "सातवी शिकलेली सून आणतोय." मी शाळा सुटली म्हणून रडणारी मुलगी, आणि इकडे त्याच सातवीचं कौतुक चाललेलं.

त्या सातवीचा उपयोग तुम्ही पुरेपूर करून घेतलात. तुम्हाला सही तेवढी यायची. अरबी तोंडपाठ, पण तिचा अर्थ लागायचा नाही. कुठून तरी कुराण शरीफचा मराठी तर्जुमा आणलात, फडक्यात गुंडाळून उंच फळीवर ठेवलात, आणि रोज दुपारी जुहरच्या नमाजनंतर मला म्हणायचात, "शमीम, वजू कर. आज पुढचं." मी हात-तोंड धुऊन यायची. तुम्ही खोळीला टाके घालायचात, मी वाचायची. तुम्ही मध्येच दाभण थांबवायचात. "थांब. ते परत वाच." मी परत वाचायची. तुमच्या घरात येऊन माझी शाळा पुन्हा सुरू झाली, अब्बा. शिकणारे दोघं होतो, एवढाच फरक. हे तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही उठून बाहेर गेला असता.

पण आपला खरा वाद तर्जुम्यावरून सुरू झाला नाही. तो एका पोत्यावरून सुरू झाला.

आपल्याकडे दोन पोती असायची. एकात नवा कापूस. दुसऱ्यात मयताच्या गादीचा. गावोगावच्या घरांत कुणी गेलं की ती माणसं त्याची गादी घरात ठेवायची नाहीत. कुणी जाळायची, कुणी नाल्यात टाकायची, आणि पुष्कळ जण तुम्हाला हाक मारायची, "निजामभाई, ही तेवढी घेऊन जा बाबा." तुम्ही आणायचात, उसवायचात, उन्हात घालायचात, पिंजायचात. पिंजल्यावर तो नव्याइतकाच पांढरा आणि फुगलेला दिसायचा. पण कुणाच्या घरात झोपायच्या गादीत तुम्ही तो कधी घातला नाहीत. तो जायचा हायवेवरच्या टेम्पो-ट्रॅक्टरवाल्यांच्या सीटमध्ये. त्यांनाही सांगून. "जुना हाय, मयताचा हाय, चाललं का?" ते म्हणायचे, "चाचा, बुडाला काय कळतंय?" त्या पोत्याला ओळख म्हणून तुम्ही काळी चिंधी बांधायचात.

ती चिंधी मी धुतली.

मळकी झाली होती म्हणून. माझा स्वभावच तो, काही मळकं दिसलं की जीव घाबरा होतो. धुतली, दोरीवर वाळत घातली आणि विसरले. लग्नाचं दुसरं वर्ष माझं. लगीनसराई अशी की तुम्ही सकाळपासून धनुकली हाणत होतात, ओसरीभर कापूस उडत होता, आणि अवसरी बुद्रुकच्या कमलबाईंच्या सुरेखाची गादी त्याच दिवशी द्यायची होती. रुखवतातली गादी. बोली नव्या कापसाची. खोळ मी शिवलेली, भरलीही मीच. दोन तृतीयांश भरून झाली, कापूस कमी पडला, मी हात घातला तो शेजारच्या पोत्यात. वर टाके घातले, काठीनं झोडून सारखी केली. तुम्ही येऊन हात फिरवलात आणि म्हणालात, "वा. हात बसला तुझा." संध्याकाळच्या आत टेम्पोनं गादी अवसरीला गेली.

दुसऱ्या दिवशी कपडे काढताना दोरीवर चिंधी दिसली.

अब्बा, त्या दिवशी मी तीन वेळा भाकरी करपवली. तुम्ही विचारलंत, "बरं न्हाई का?" मी म्हटलं, बरं आहे. मनातल्या मनात मी वकील झाले होते. कुणाला दिसतंय? पिंजलेला कापूस सगळा सारखा. आणि शेवटी दुपारी तर्जुमा उघडायच्या वेळी तोंडातून निघालं ते सगळं एकदम, आणि त्याच दमात मी माझी बाजूही मांडली. आठवतं?

"पण अब्बा, आपल्यात तर मयताचा कापूस नापाक नसतो ना? तुम्हीच म्हणता, कापसाला मरण नाही. अल्लाहनं कुठं मना केलंय? मग ह्यात गुनाह कुठं झाला?"

तुम्ही दाभण खोळीत खोचून ठेवलीत. रागावला नाहीत, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

"गुनाह कापसात न्हाई. बोली नव्याची व्हती."

"पण त्यांना जे अशुभ वाटतं ते खरं थोडंच आहे?"

"खरं का खोटं ते मी ठरवणार व्हय? त्यांची पोरगी त्यावर झोपणार हाय."

"म्हणजे चांगलं-वाईट अल्लाह ठरवत नाही? कमलबाई ठरवणार?"

मी घाबरले की जास्त बोलते, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं पहिल्यांदाच पाहताय. मग उठलात. "चप्पल घाल. साडेतीनची एसटी हाय."

एसटीत तुम्ही दोन तिकिटं काढलीत. दुसऱ्या दिवशी लग्न. मला वाटत होतं, ह्या बायका मला फाडून खातील, उद्यापासून अवसरीत काय, साऱ्या तालुक्यात म्हणतील, निजामभाईच्या सुनेच्या हातची गादी नको. आणि मग मी काय करणार? शिवायचं आणि भरायचं, ह्याशिवाय मला काय येत होतं?

दारात मांडव, आत बायका हळद कुटत होत्या. कमलबाई पिवळ्या हातांनीच बाहेर आल्या. "या या, निजामभाई! आवं, लग्न उद्या हाय. आजच जेवायला आला व्हय?"

"जेवायला उद्याच येतो, ताई. आज गादी न्यायला आलोय."

"गादीला काय झालं?"

"माझ्या हातून चूक झाली. त्यात मयताच्या गादीचा कापूस गेलाय."

माझ्या हातून. माझ्या, म्हणालात तुम्ही. मी तुमच्या मागे पदर ओढून उभी होते, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कुटणं थांबलं. कमलबाईंचा हात तोंडावर गेला, गालाला हळद लागली.

"आरं द्येवा! किती?"

"तिसरा हिस्सा असंल."

"कुणाच्या मयताचा?"

"पलीकडच्या गावचं म्हातारं व्हतं. नव्वदीचं. झोपेत गेलं."

"म्हणजे मी काय आता त्याचा सत्कार करू?" मग त्यांना रागच आला. "एवढी वर्षं गाद्या भरताय, झोपंत भरली का काय ही? आन सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच न्हाई."

"मग सांगितलं कशाला? माझ्या जिवाला घोर नुसता!"

मी वाट पाहत होते की आता तुम्ही म्हणाल, वरचा बघतो. तुम्ही ते म्हणाला नाहीत. "गादी तुमची हाय, ताई. आत काय हाय ते तुम्हाला ठावं पायजे."

कमलबाई आणखी बोलल्या. पुष्कळ बोलल्या. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. मग मला राहवेना. मी पदर सावरून पुढे झाले, "मावशी, ते नाही, मी..." आणि तुम्ही वळून न बघता म्हणालात, "शमीम, त्या बाजूनं धर."

मी त्या बाजूनं धरलं. तुम्ही ह्या बाजूनं. रुखवतातून उचललेली नवी कोरी गादी घेऊन आपण दोघं अवसरीच्या रस्त्यानं निघालो, आणि पोरं मागून ओरडत होती, "पावणं रुखवत घेऊन पळालं!" तुम्ही हसलात. मी रडत होते, पण गादी दोन्ही हातांत होती म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

घरी येऊन उसवली. वीज गेली होती, पण तुम्ही नवऱ्या-नवरीची गादी तशीही मशीनवर पिंजत नव्हतात. नवा कापूस पिंजलात आणि माझ्यापुढे ढकललात. "भर." मी म्हटलं, "तुम्ही भरा. माझा हात थरथरतोय." तुम्ही म्हणालात, "थरथरत्या हातानं भरलेली सारखी बसती. भर." आणि मी भरत असताना तुम्ही पाठ करून बसलात. एकदाही वळून तपासलं नाही. लग्नाच्या सकाळी हळदीच्या आधी गादी पोचली. तुम्ही जेवायलाही गेलात आणि कमलबाईंनी तुम्हाला दोनदा जिलबी वाढली, असं सांगत आलात.

अब्बा, मी आयुष्यात जे काही धीरानं करते ना, त्याच्या मुळाशी तुमची ती वळवलेली पाठ आहे.

पण मी कृतज्ञ असले तरी गप्प बसणारी नव्हते. भीती ओसरली तशी मी तुम्हाला धरलं. पहिला प्रश्न: "तिथे अल्लाहचं नाव का नाही घेतलं?" तुम्ही म्हणालात, "त्यांच्या दारात जाऊन आपल्या अल्लाहला जामीन कशाला उभा करायचा? माझं काम मी बोलायचं." बरं. हे मला पटलं. दुसरा प्रश्न महिन्याभरानं विचारला, तर्जुमा वाचताना खोटं बोलणाऱ्यांविषयी काही आलं तेव्हा. मी पुस्तकावर बोट ठेवून म्हटलं, "तुम्ही खोटं बोललात, अब्बा. चूक माझी होती."

"पुढं वाच."

"खोटं अल्लाहला आवडत नाही ना? मग हे खोटं चालतं, असं कुणी ठरवलं? अल्लाहनं की तुम्ही?"

"शमीम, पुढं वाच."

मी पुढे वाचलं. पण त्यानंतर बारा-तेरा वर्षं आपण पुढे गेलोच नाही.

तुमचं म्हणणं एकच असायचं आणि ते तुम्ही हातातल्या कामातूनच सांगायचात. बरं-वाईट माणसाच्या मनावर सोडलं तर प्रत्येक जण आपापल्या हातानं कापडाचे वार मोजणार. "तुझा हात आखूड, माझा लांब. मग खोळ कुणाच्या मापाची शिवायची? माप वरूनच यावं लागतं, पोरी." मी म्हणायचे, "पण मीटरची पट्टी तरी माणसांनीच केली ना?" तुम्ही म्हणालात, "पट्टी माणसानं केली. लांबी न्हाई केली."

हे उत्तर मला आठवडाभर पुरलं. मला वाटलं, हरले. मग एका दुपारी तुम्हाला चहा देताना सुचलं. "अब्बा, समजा अल्लाहनं उद्या हुकूम केला की जुना कापूस नवा म्हणून खपवा. तर ते चांगलं होईल?"

"तो असं सांगणारच न्हाई."

"का नाही?"

"कारण तो तसा न्हाई."

"म्हणजे चांगलं काय ते आधीच आहे, आणि तो तसा आहे?"

तुमची बशी ओठांपाशी थांबली. "सातवीला असलं शिकवत्यात व्हय?" आणि मग हसत हसत, पण डोळे मिटून, "तोबा कर, तोबा. चहा गार झाला माझा." मी तोबा केली. खरोखर घाबरून केली. तुम्हाला माहीतच आहे, मला अशा प्रश्नांची झिंग येते आणि मग रात्रभर वाटत राहतं की आपण ओलांडू नये ते ओलांडलं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "इचारल्यानं तो रागवत न्हाई. रागवायचा असता तर तुला जीभ कशाला दिली असती?" हे बोलल्याबद्दल तुमचे उपकार मी कसे फेडू? कितीतरी घरांत हे बोलणारं कुणी नसतं.

आणि मग मला एकदा वाटलं, मी जिंकले. मशिदीत नवीन मौलाना आले होते, बायकांसाठी दुपारी तासभर बोलायचे. मी पडद्यामागून विचारलं, दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटं चालतं का. दोघांमध्ये दिलजमाई व्हावी, कुणाची अब्रू राहावी म्हणून केलेली अशी बात गुनाहात धरत नाहीत, असं ते समजावून म्हणाले. मी धावत घरी आले. दम लागला होता. "अब्बा! तुमचं खोटं चालतं! मौलाना म्हणाले, सूट आहे."

मला वाटलं, तुम्हाला केवढं बरं वाटेल. तुम्ही कापसातली सरकी वेचत होतात. म्हणालात, "पण मला तवा सूट हाय ते ठावं नव्हतं."

"मग?"

"मग काय. मी इचारून थोडंच बोललो? तोंडातून निघालं."

"म्हणजे ते तुमच्या मनानं ठरवलं! अल्लाहच्या हुकमानं नाही! बघा, माझंच खरं."

"मला ठावं नव्हतं," तुम्ही सरकी बाजूला टाकत म्हणालात, "त्याला ठावं व्हतं. त्यानं आदीच आत घालून ठिवलंय. तूच वाचलं व्हतं की मला."

वाचलं होतं खरं. जिवाला बरं-वाईट उमजण्याची समज घडवतानाच दिलेली आहे, अशा अर्थाचं. मी चिडून म्हटलं, "असं असेल तर तुम्ही कधी हरणारच नाही. मनाचं निघालं तरी त्याचं, हुकमाचं निघालं तरी त्याचं. मग नमाज न पढणारी कमलबाईंसारखी माणसं चांगली वागतात, तेही त्याचंच?"

"न्हाई तर कुणाचं?"

"आणि आपल्यातली वाईट वागतात ते?"

"ते त्यांचं सोताचं," म्हणालात, आणि असे हसलात की मी उठून आतच गेले. त्या हसण्याचा मला राग आला होता. तुम्ही का हसलात ते मला आत्ता मंचरला गेल्यावर कळलं. ते पुढे सांगते.

कारण खरं सांगू का, अब्बा, माझा वाद वरवरचा होता. आत दुसरंच होतं. मला भीती होती की माझ्यासाठी तुम्ही जे खोटं बोललात, ते तुमच्या नावावर तसंच राहिलंय. तुम्ही एवढे काटेकोर, गादीतली सरकी न सरकी वेचणारे, आणि तुमच्या अंगावर तेवढा एक डाग, माझा. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारायची, ते चालतं का, कोण म्हणतं चालतं. तुम्ही एकदा नीट, न हसता, "हो, चालतं, मला त्याचं काही नाही" असं म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. वापीला आल्यावर दर जुम्म्याला फोन करायचे, तेव्हाही. तुम्ही विचारायचात, "ते फोम म्हणजे आत काय असतं गं?" मी म्हणायची, "फोमच असतं, अब्बा. आतबाहेर सगळं एकच." तुम्ही म्हणायचात, "मग त्या गादीला इमान कशाला लागतंय? मज्जाय रफीकची." आणि मी म्हणायची, "विषय बदलू नका." तुम्ही म्हणायचात, "तुझं बिल वाढतंय, ठेव." शेवटच्या फोनमध्येही हेच झालं. तुमचा आवाज बसला होता. मला वाटलं, सर्दी.

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी कमलबाई आल्या. आता बऱ्याच थकल्यात. ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या, तुमच्या धनुकलीकडे पाहत. तुमची गादी मी तेव्हा उसवायला घेतली होती. घरात कुणी म्हणालं, मशिदीत देऊन टाका, कुणी म्हणालं, राहू द्या. मी म्हटलं, अब्बांच्या गादीचं काय करायचं ते अब्बांनीच सांगून ठेवलंय, कापसाला मरण नसतं. उन्हात घालू, पिंजू.

कमलबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला ठावं हाय का, तुझा सासरा माझ्याकडं परत आला व्हता."

"कधी?"

"सुरेखाचं पहिलं बाळंतपण झालं, तवा. दुपटी घेऊन आला. आन दारातच म्हणला, ताई, त्या दिवशी तुमच्याशी एक खोटं बोललो. गादी सुनंनं भरली व्हती. नवीन व्हती, घाबरट व्हती. तुमी तिला बोलला असता तर तिनं पुन्यांदा दाभण हातात धरली नसती. आता ती माझ्यापरीस चांगली भरती, म्हणून सांगतो. आन म्हणला, चूक झाली हे पन तिनंच येऊन सांगितलं. मला तर हात फिरवूनबी कळलं न्हवतं."

मी उसवायची थांबले.

"मी म्हणलं, आवं निजामभाई, वरीस झालं, आता कशाला? तर म्हणला, तवा तिच्यासाठी बोललो, आता माझ्यासाठी बोलतो."

म्हणजे तुम्ही ते केव्हाच परत केलं होतं. मौलानांना मी विचारायच्या कितीतरी आधी. मी धापा टाकत सूट घेऊन आले तेव्हा तुमच्याकडे फेडायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून तुम्ही तसे हसलात. आणि मला सांगितलं नाहीत. का? वाद संपला असता म्हणून? की दुपारी वाचताना मी गप्प झाले असते म्हणून? मला बारा वर्षं काळजी लावलीत, अब्बा! मी तिथेच बसून रडले आणि रडता रडता मला इतकं हलकं वाटलं की कमलबाई म्हणाल्या, "आगं, रडतीयास का हसतीयास?"

मग त्या जरा पुढे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक काम करशील? माझी मान लई दुखती. एक उशी भरून दे." आणि उन्हात पसरलेल्या कापसाकडे बोट केलं. "त्यातला घाल."

"मावशी, हा..."

"ठावं हाय मला कुणाचा हाय ते. म्हणून तर मागती. फकस्त आमच्या सुनंला सांगू नको. ती लई भित्री हाय, घरात ठिवायची न्हाई."

बघा अब्बा. तुम्ही माझ्यावर काय आणून ठेवलंत.

मी पिंजला. माझ्या हातून तुमच्यासारखा आवाज निघत नाही, पण तात तुटली नाही. उशी भरली, टाके घातले, आणि वापीला निघायच्या आदल्या दिवशी अवसरीला नेऊन दिली. दारात सूनच आली. चांगली पोर आहे, हसतमुख. मी उशी पुढे केली तशी तिनं दुसऱ्या बाजूनं धरली, दाबून पाहिली.

"लई मऊ हाय ओ, भाभी. नवा कापूस व्हय?"

मी आत पाहिलं. कमलबाई छताकडे बघत होत्या, जणू तिथे काही लिहिलंय.

"नवा नाही," मी म्हटलं. "जुना आहे. आमच्या घरातला आहे. बाकीचं सासूबाईंना विचार, त्यांना सगळं माहीत आहे."

"आत्याबाई, कसला ओ?"

"आगं, ह्यांच्या सासऱ्याच्या..." कमलबाईंना खोकला आला. बराच वेळ आला. "...हातचा हाय. त्यांच्यासारखा पिंजारी न्हवता साऱ्या तालुक्यात. ठिव ती माझ्या खाटंवर."

पोरीनं उशी नेऊन ठेवली. मी चहा घेतला आणि निघाले.

तर आता सांगा. मी खोटं बोलले नाही, पण सगळं खरंही बोलले नाही. कमलबाईंच्या सुनेला आज ना उद्या कळायला हवं, ते त्या सांगतील, निदान मी जाताना त्यांच्या कानात सांगून आले की वर्षाच्या आत सांगा, आमच्याकडे तशी पद्धत आहे. त्या हसल्या. हे मी विचार करून केलं नाही. एसटीत बसल्यावर आठवलं की असंच काहीसं तुम्ही केलं होतं. आठवण मागून आली, अब्बा, आधी नाही. हे माझ्या मनानं केलं, की कुणी आत घालून ठेवलं होतं म्हणून झालं, मला सांगता येत नाही. एरवी ह्या प्रश्नानं माझी झोप उडाली असती. मी काळजी करायला हवी होती. ती वाटत नाही, ह्याचीच थोडी काळजी वाटते.

तुमच्या कापसातला उरलेला मी बरोबर आणलाय. रफीकसाठी आणि माझ्यासाठी एक पातळ गादी होईल. तर्जुमाही आणलाय, त्याच फडक्यात. दुपारी रफीक नसतो, मग मी मोठ्यानं वाचते आणि तुम्ही थांबवायचात तिथे आपणच थांबते. तुम्ही आता अशा ठिकाणी आहात की विचारण्याची सोय असेल. लांबी कुणी केली ते विचारा. मला घाई नाही. तोवर मी ह्या बाजूनं धरून आहे.